एकाच बाजूने भाजलेला दगड

परळच्या त्या कॉलेजात भूशास्त्र शिकलेला कुणीही माणूस पकडा आणि विचारा, इरावती केळुसकर कोण? तो डोकं खाजवील. मग विचारा, शिट्टी मॅडम कोण? लगेच त्याचा चेहरा उजळेल आणि तो तुम्हाला चहा पाजून कोकणातल्या कुठल्यातरी फील्डची गोष्ट सांगायला बसेल. त्या गोष्टीत समुद्र असेल, भाड्याची बस असेल, देवस्थळी सरांची टोपी असेल, कुणाचं कुणावर मन बसलं आणि कुणी कुणाच्या सॅकमध्ये दगड भरले ते सगळं असेल. आणि शेवटी एक शिट्टी वाजेल. मॅडम एवढ्याच. शिट्टीपुरत्या.

कॉलेजचं नाव मी घेत नाही. तिथले प्राचार्य अजून सकाळी शिवाजी पार्कात भेटतात आणि मला माझ्या फेऱ्या शांतपणे मारायच्या आहेत.

इरावती गिरगावातली. फणसवाडीत दोन खोल्या, वडील गोदीत कारकून, आई अष्टौप्रहर चिंतेत. मुलगी हुशार निघाली हे ठीक. पण हुशार मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, दगड कशाला शिकावेत, हे त्या चाळीला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या काकू गंभीरपणे विचारायच्या, "इरा, तुझ्या शिक्षणात पाट्या-वरवंट्याचं पण असतं का गं?" इरा म्हणायची, "असतं ना काकू. तुमचा वरवंटा सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे." काकू वरवंट्याकडे संशयाने बघायच्या. त्यांना तो सासूने दिला होता.

विद्यार्थिनी असताना वर्गात ती एकटीच मुलगी. फील्ड म्हणजे काय, तर वर्गात फळ्यावर काढलेले थर डोंगरात जाऊन डोळ्यांनी बघायचे. ती पहिल्यांदा फील्डला गेली ती एका उघड्याबोडक्या खाणीवर. आडोसा नाही, झाड नाही, सगळीकडे मुलगेच मुलगे. दुपारी तिने धीर करून सरांना हळूच विचारलं. सर म्हणाले, "थांब जरा, एवढा थर संपवू." तो थर संध्याकाळी संपला. दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी पिणंच सोडलं आणि घरी आली ती ताप घेऊन. आईने विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं.

पुढे परळच्या कॉलेजात जागा निघाली. मुलाखतीला आलेल्यांत तिचे मार्क सगळ्यांत जास्त होते, तेव्हा निवड झाली यात तिला काही आश्चर्य वाटलं नाही. पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या हेडक्लार्कने चहा पिता पिता तिच्या गर्वाची वासलात लावली. "बरं झालं मॅडम तुम्ही आलात. मुली असल्या की फील्डला लेडी स्टाफ लागतो, नियमच आहे. दरवर्षी केमिस्ट्रीच्या बाईंना हातापाया पडून न्यावं लागायचं. त्यांना बस लागते." म्हणजे इतकी वर्षं घासून मिळवलेले मार्क एकीकडे, आणि बस न लागणारं पोट एकीकडे. निवड पोटाची झाली होती.

विभागप्रमुख होते प्राध्यापक रमाकांत देवस्थळी. माणूस दिसायला राजबिंडा, आवाज असा की दरीत बोलले तर दरीने वळून बघावं. खाकी टोपी, पट्ट्याला लटकवलेला हातोडा, आणि मुलं भोवती गोळा झाली की सरांना दुसरं काही लागत नसे. शिकवत उत्तम, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. बरोबर असो की चूक, शिकवत उत्तम.

प्राध्यापिका म्हणून इरावतीच्या पहिल्या फील्डच्या सकाळी, दादरला बसमध्ये चढताना, त्यांनी खिशातून दोरीला बांधलेली एक शिट्टी काढली आणि तिच्या गळ्यात घातली. "मॅडम, हे तुमचं शास्त्रीय उपकरण." बस हसली. इरावतीही हसली. हसण्यावारी नेलेली गोष्ट गळ्यात किती वर्षं राहते, हे त्या दिवशी तिला कुठलं माहीत.

तिचं काम असं ठरलं. देवस्थळी सर कड्यासमोर उभे राहून बोलणार. इरावती मागे उभी राहून मुली मोजणार. कोण उन्हाने भोवंडली, कुणाची चप्पल तुटली, कुणाची पाळी आली, कुणाला रात्री आईची आठवण आली, हे सगळं भूशास्त्र तिच्याकडे. मुली मोठ्या होतात, मुलांच्या आया होतात, आणि तरी भेटल्या की तिचा हात धरून सांगतात, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून आम्ही सगळी फील्डं केली." खरंच आहे ते. रत्नागिरीपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्या वाडीत कुठल्या घरची बाई परक्या मुलींना मोरी उघडून देते, याचा नकाशा इरावतीच्या डोक्यात पक्का होता. देवस्थळी सरांचा नकाशा कॉलेजच्या भिंतीवर काचेत लावला होता. तिचा कुठे लावणार?

दरवर्षी ती विचारायची, "सर, एखादा तरी कडा मी घेऊ का?" आणि सर मोठ्या मनाने म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुम्हीच घ्या." पुढच्या वर्षी पण ते हेच म्हणायचे, आणि तितक्याच मोठ्या मनाने.

लग्नाचं विचाराल, तर एक स्थळ चालून आलं होतं. दादरच्या हिंदू कॉलनीतलं, मुलगा इंजिनिअर. सगळं जुळत आलं, आणि मुलाच्या आईच्या कानावर फील्डचं आलं. "आठ-आठ दिवस बाहेर? पुरुषांबरोबर?" इरावती म्हणाली, "मुलींबरोबर. मी मुलींसाठी जाते." बाई म्हणाल्या, "दरवर्षी?" त्या एका 'दरवर्षी'त स्थळ गेलं. चाळीत कुजबूज झाली की देवस्थळींचं आणि हिचं काहीतरी असणार. मी तुम्हाला सांगतो, काही नव्हतं. असतं तर निदान त्यांनी तिचं एखादं वाक्य तरी ऐकून घेतलं असतं.

आता त्या टेकडीबद्दल. शीवला, वस्तीच्या पाठीमागे एक बुटकी टेकडी आहे. नेमकी कुठे ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथे पंचवीस मजले उभे राहतील. बाहेरगावी जाण्याआधी प्रत्येक फील्डचा पहिला दिवस या टेकडीवर व्हायचा. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा करडा खडक आहे आणि त्यातून एक काळ्या दगडाचा पट्टा तिरका गेलेला आहे. देवस्थळी सर वर पिंपळाच्या सावलीत उभे राहायचे आणि हातोड्याने तो पट्टा दाखवायचे. "मुलांनो, हा डाइक. जमिनीच्या पोटातून लाव्हा फट फोडून वर आला आणि फटीतच थिजला. निसर्गाने बांधलेली काळी भिंत." मुलं लिहून घ्यायची. मुंबईत अशी पिढ्यान्‌पिढ्या भिंत बांधली गेली.

टेकडीच्या पायथ्याशी बैठ्या घरांची एक रांग आहे. त्यात राधाबाई राहायच्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली पाण्याचं पिंप, बाहेर स्वतःचा संडास, आणि त्या संडासाला कुलूप. किल्ली राधाबाईंच्या कमरेला. वस्तीतल्या कुणाला त्या ती देत नसत; इरावतीला मात्र तिच्या पोरींसाठी देत. तीही टोमणा मारल्याशिवाय नाही. "आलीस काय गो बाय? आणलीस तुझी फलटण?" आणि मुली रांगेत उभ्या असताना इरावतीला खालपासून वरपर्यंत न्याहाळून, "इतकी बुकं शिकलीस ती ह्याच्यासाठी होय? माझी म्हातारी शाळेत न जाता हेच काम करायची."

तर अशाच एका फेरीत, मुलींना घेऊन राधाबाईंच्या मागच्या पायवाटेने वर चढताना, इरावतीने त्या काळ्या पट्ट्याची खालची बाजू पाहिली. सर उभे राहायचे तिथून फक्त वरची बाजू दिसायची. खालच्या बाजूला, काळ्या दगडाला लागून, राखेचा खडक विटेसारखा लाल झाला होता. भाजला होता. ती धावत वर गेली. वरच्या बाजूची राख जशीच्या तशी करडी, थंड. भाजल्याची खूण नाही.

इथे तुम्हाला भाकरी कळली की भूशास्त्र कळलं. लाव्हा फटीत शिरला असता, तर दोन्ही बाजूंचा खडक भाजला असता. हा एकाच बाजूने भाजलाय, म्हणजे ही भिंत नाहीच. हा लाव्हा कधीकाळी सपाट जमिनीवरून वाहत गेला, खालची राख भाजली, मग तो थंड झाला, त्याच्यावर नवी राख पडली आणि पुढे सगळी जमीनच कलली. भिंत नव्हे, कललेला थर. तिने लाल दगडाचा मुठीएवढा तुकडा काढून पर्समध्ये टाकला आणि पिंपळाखाली येऊन सरांना हळूच म्हणाली, "सर, हा डाइक नाही. खालून या, दाखवते."

देवस्थळी सर घामेजले होते, मुलांच्या प्रश्नांत रंगले होते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "मॅडम, मुली किती?"

तिने मुली मोजल्या.

दुसऱ्या दिवशी तिने तो दगड स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं नीट समजावलं. सरांनी तो हातात घेऊन फिरवला. "रंग छान आहे हो. पुढच्या वर्षी बघू खाली उतरून." पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस लांबला होता. दगड मात्र टेबलावर राहिला. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून, आणि कधीमधी चहाचा कप टेकवायला. आणि दर वर्षी मुलांचे फील्ड रिपोर्ट तपासायला इरावतीकडे यायचे. सगळ्यांत लिहिलेलं असायचं, प्राध्यापक देवस्थळी सरांनी दाखवून दिल्याप्रमाणे हा डाइक आहे. प्रमुखांनी सांगितलेलं चूक कसं द्यायचं? ती बरोबरची खूण करायची. इतक्या वर्षांत तिने चुकीच्या उत्तराला किती पूर्ण मार्क दिले असतील, ते तिचं तिला ठाऊक.

तिला एवढंच हवं होतं: एकदा, निवृत्त होण्याआधी एकदाच, मुलांना त्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला नेऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बाकी कसली हाव नव्हती. पुढे देवस्थळी निवृत्त झाले, जाताना टेबलावरचं सगळं सामान घेऊन गेले. लगेच करोना आला. इरावतीने दोन वर्षं मुलांना मोबाइलवर दगडांचे फोटो दाखवले. मग कुठल्यातरी दुसऱ्या कॉलेजची मुलं सहलीला गेली, तिथे अपघात झाला आणि आमच्या प्राचार्यांनी फील्डच बंद करून टाकलं. आणि मग भूशास्त्राला पोरं येईनाशी झाली. शेवटची तुकडी राहिली. ती पास झाली की विभागाला कुलूप, आणि त्याच उन्हाळ्यात इरावती निवृत्त.

ती प्राचार्यांकडे गेली.

"बाहेरगावी नाही, मॅडम," ते म्हणाले. "पोर पाण्यात गेलं की पेपरात माझा फोटो येतो, तुमचा नाही."

"मुंबईतच, सर. एक दिवस. शीवची टेकडी."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"दगड आहे."

"दगड माझ्या सोसायटीच्या गेटवर पण आहे." प्राचार्य स्वतःच हसले, मग इरावती हसत नाही हे बघून त्यांनी नियमांची फाइल ओढली. "बरं. मुलं-मुली दोन्ही आहेत. लेडी स्टाफ कोण?"

"मी."

"आणि लीडर?"

"तीही मीच."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "दोन्ही एकच माणूस कसं चालेल? दोन स्टाफ पाहिजेत. लेडी तर झाली. म्हणजे आता एक जेन्ट्स लागेल." विभागात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. प्राचार्यांनी क्षणभर विचार केला आणि खूश होऊन फोन उचलला. "अहो, आपले देवस्थळी सर आहेत की. इथे पार्कातच राहतात."

फोनमधून दरीतला तो आवाज खोलीभर झाला. "येतो ना. त्यात काय. मॅडमना म्हणावं, या वेळी टेकडी तुमची."

मला विचाराल तर इरावतीने त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. पण तिला गंमत वाटली. इतक्या वर्षांनी देवस्थळी तिच्या फील्डला सोबत म्हणून येणार. फक्त पुरुष आहेत म्हणून.

त्या दिवशी पहाटे उठून तिने फणसवाडीच्या खोलीत दोन भाकऱ्या थापल्या. एक नीट दोन्ही बाजूंनी शेकली. दुसरी एकाच बाजूने शेकून, वरची बाजू पांढरी, ओली राहू दिली. दोन्ही डब्यात घातल्या. आरशासमोर उभी राहून वाक्यं म्हणून बघितली, असं तिनेच पुढे एकीला सांगितलं आणि त्या एकीने अर्थातच मला.

शीवला सगळे जमले. देवस्थळी आले ते टोपी घालून आणि पट्ट्याला हातोडा अडकवून.

"हातोडा कशाला, सर?" इरावती म्हणाली.

"सवय हो. टोपी घातली की कंबर हातोडा मागते."

तिने गळ्यातली शिट्टी काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "आज हे तुमचं शास्त्रीय उपकरण. मुलगे मोजा." मुलं खिदळली. देवस्थळीही हसले, अगदी मोकळेपणाने. त्या माणसाला अपमान कळतच नसत. ते त्यांचं भाग्य.

पिंपळाखाली तिने मुलांना उभं केलं. सुरुवात चांगली झाली. आवाज थोडा कापला, मग लागला. तिने पट्टा दाखवला, हात लावून बघा म्हणाली, काय आहे ते सांगितलं नाही. पुष्कर नावाचा एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "मॅडम, डाइक. सीनिअरच्या रिपोर्टमध्ये आहे."

"सीनिअर काय म्हणतात ते जाऊ दे. तुझ्या आईने भाकरी केली तर ती किती बाजूंनी भाजते?"

"आमच्याकडे पाव असतो, मॅडम."

सगळे हसले, इरावतीही हसली. तिने डबा उघडला, दोन्ही भाकऱ्या दोन हातांत धरल्या. मुलं पुढे सरकली. त्या घडीला, सांगणारे सांगतात, ती वेगळीच दिसत होती. सगळे डोळे तिच्याकडे, आणि देवस्थळी मागे, मुलांच्या रांगेत, गळ्यात शिट्टी. ती म्हणाली, "आता या दोन भाकऱ्या लक्षात ठेवा आणि माझ्यामागून खाली चला. खरी मजा खाली आहे."

तेवढ्यात अपूर्वा जवळ आली. शांत, अंगाने बारीक मुलगी. चेहरा पांढरा पडलेला, सॅक पुढून घट्ट धरलेली. "मॅडम," ती कुजबुजली, "माझं... आत्ताच. फार दुखतंय."

इरावतीच्या हातात दोन भाकऱ्या. समोर तीस वर्षांचा तो एक पट्टा.

थांब जरा म्हणाली असती, तर अपूर्वा थांबली असती. मुली थांबतातच. एवढा थर संपवू, म्हणायचं फक्त. बाकीच्या सगळ्यांना खाली न्यावं, तर मुलीला या अवस्थेत मुलग्यांच्या घोळक्यातून न्यावं लागलं असतं. दुसऱ्या कुणा मुलीबरोबर पाठवावं, तर राधाबाई किल्ली इरावतीशिवाय कुणाच्या हातात देत नसत. तिने भाकऱ्या डब्यावर ठेवल्या. "सर, जरा मुलांना सांभाळा," ती म्हणाली. "मी आलेच."

"निश्चिंत जा," देवस्थळी म्हणाले.

राधाबाई आता फार थकल्या होत्या, पण जीभ तशीच होती. "एकच? आणि तुझी फलटण गो?"

"फलटण संपली, राधाबाई. ही शेवटची."

"बरं झालं. सुटलीस." किल्ली काढून देताना त्यांनी अपूर्वाकडे पाहिलं, आत जाऊन गरम पाणी ठेवलं आणि बाहेर येऊन इरावतीशेजारी पायरीवर बसल्या. "तुला पण काय होतंय काय? तोंड उतरलंय ते."

इरावतीने टेकडीकडे मान वळवली. वरून देवस्थळींचा आवाज येत होता. त्या आवाजाला टेकडीने कधीच अडवलं नव्हतं.

"...अनेक वर्षं लोक याला डाइक म्हणत आले, मुलांनो. मीही म्हणत होतो. पण अभ्यासक माणसाने स्वतःवर शंका घ्यायला शिकलं पाहिजे. आता ही भाकरी बघा. एकच बाजू भाजली आहे..."

राधाबाईंनी कान दिला. "तोच का तुझा मास्तर? अजून जित्ता आहे?"

"आहे."

"काय सांगतोय एवढं ओरडून?"

"माझं," इरावती म्हणाली. "माझं सांगतोय."

राधाबाईंना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मग तू हितं काय करतेस?"

आतून कडी वाजली. अपूर्वा बाहेर आली. तिने गरम पाणी घेतलं, जरा रंग आला. दोघी मागच्या पायवाटेने वर निघाल्या आणि त्या लाल बाजूपाशी इरावती थांबली. आयुष्यभर पाठ केलेलं ते सगळं, फक्त एका मुलीला, पोट धरून उभ्या असलेल्या, तिने सांगितलं. लाव्हा कसा वाहिला, खालची राख कशी भाजली, वरची का नाही, जमीन कशी कलली. अपूर्वाने आदराने दगडावर तळहात टेकला. छान ऐकून घेतलं तिने, सभ्य मुलगी.

"कळलं?" इरावतीने विचारलं.

"हो, मॅडम." जरा थांबून ती म्हणाली, "मॅडम, बसायला मिळेल का कुठे?"

वर पिंपळाखाली मुलं टाळ्या वाजवत होती. दोन्ही बाजूंनी भाजलेली भाकरी त्यांनी मोडून खाल्ली होती. कच्ची तेवढी दगडावर पडली होती. देवस्थळींच्या तळहातावर मुठीएवढा लाल दगड होता. तो इरावतीने लगेच ओळखला. कडेला चहाच्या कपाचा गोल डाग अजून होता.

आमच्या पार्कातल्या कट्ट्याला त्या दगडाचं नवल नाही. निवृत्तीनंतर देवस्थळी सकाळी तो खिशात घालूनच फिरायला यायचे आणि गाठ पडेल त्याला सांगायचे, हा दगड मला शीवच्या टेकडीवर सापडला. मी स्वतः दोनदा ऐकलंय. मुद्दाम खोटं बोलत होते म्हणाल, तर तसंही वाटत नाही. टेबलावर इतकी वर्षं राहिलेली वस्तू माणसाला आपलीच वाटते. वस्तूच्या आत जे असतं तेसुद्धा.

"या मॅडम, या," ते म्हणाले. "तुमची पोरं खोळंबली होती, म्हणून मी जरा सांगून टाकलं. तुमचा डबा फार कामाला आला."

इरावती म्हणाली, "सर, हा दगड मी काढला होता."

"कुठला? हा?" त्यांनी दगडाकडे बघितलं, मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "असेल. तुम्ही तेव्हा खाली फार जायचात ना." मग टोपी नीट करून, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांनी विचारलं, "बरं मॅडम, मुली किती?"

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी मुली मोजल्या नाहीत, मुलगेही नाहीत. ते इरावतीने मोजले. शिट्टी मागायची राहून गेली. ती आता देवस्थळींच्या नातवाकडे असते आणि सकाळी पार्कात आम्हा म्हाताऱ्यांचे कान किटवते.

महिन्याने फील्ड रिपोर्ट आले. विभागातले शेवटचे. इरावतीने फणसवाडीत खिडकीशी बसून ते तपासले. पुष्करने लिहिलं होतं, प्राध्यापक देवस्थळी सरांनी दाखवून दिल्याप्रमाणे हा डाइक नसून कललेला थर आहे. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. उत्तर बरोबर होतं. इतकी वर्षं याच नावाखालच्या चुकीला तिने पूर्ण मार्क दिले होते, आता बरोबरला कसे कापायचे? तिने प्रत्येकाला पूर्ण मार्क दिले.

अपूर्वाचा रिपोर्ट तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. उघडला. प्राध्यापक देवस्थळी सरांनी दाखवून दिल्याप्रमाणे. शब्दन्‌शब्द पुष्करचा. वर्ग चुकला म्हणून बिचारीने त्याचा उतरवून काढला होता. शेवटी मात्र एक ओळ तिची स्वतःची होती: फील्डवर मुलींची उत्तम काळजी घेतल्याबद्दल केळुसकर मॅडमचे मनापासून आभार.

इरावतीने त्या ओळीखाली लाल रेघ मारली, समासात लिहिलं, 'विषयाशी संबंध नाही', आणि अर्धा मार्क कापला. त्या अख्ख्या गठ्ठ्यात कापलेला तेवढाच.